गाण्याचा सातबारा

पूर्वी मध्यमवर्गीय घरातला मुलगा वाया गेला की शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायला सोपं जायचं. तो नाटकात गेला, राजकारणात गेला, फार तर शेअर बाजारात गेला. चेहरा किती पाडायचा ते ऐकणाऱ्याला लगेच कळे. आता मुलगा ब्लॉकचेनमध्ये जातो. त्याचं सांत्वन करायचं की पेढे मागायचे, हेच लोकांना उमगत नाही. माझ्या भाच्याच्या बाबतीत ताईने यावर तोडगा काढला आहे. कोणी विचारलं की ती म्हणते, "गाण्याचं काहीतरी करतोय," आणि समोरच्याने "कोणाकडे शिकतो?" असं विचारायच्या आत भेंडीचा भाव काढते.

करतोय ते असं. गाणी एकमेकांना देण्याघेण्याचं अ‍ॅप, ज्याला मालकच नाही. कंपनी नाही, साहेब नाही, एका जागी ठेवलेला सर्व्हर नाही. गाणारा गाणं टाकणार, ऐकणारा ऐकणार, पैसे थेट गाणाऱ्याच्या खिशात. मध्ये कोणी नाही. 'मधला माणूस' हे शब्द भाचा ज्या स्वरात उच्चारतो, त्या स्वरात आमचे आजोबा 'सावकार' म्हणत.

त्याचा राग अगदीच अनाठायी नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं किमान १००० वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्या गाण्याचा छदामही मिळायचा नाही. ९९९ वेळा ऐकलं तरी हाती भोपळा. भाच्याचा एक मित्र वऱ्हाडीत रॅप करतो. त्याची गाणी कायम सातशे-आठशेच्या घरात अडकलेली. (त्यातलं निम्मं त्याच्या आईने ऐकलेलं असतं, असं ताईचं म्हणणं.) आणि हे दुखणं काही इंटरनेटने आणलेलं नाही. आपल्याकडे चित्रपटांचे गीतकार-संगीतकार एकदा बिदागी घेत आणि हक्कांवर पाणी सोडत. गाणं पुढे पन्नास वर्षं लग्नांच्या मांडवात वाजलं तरी लिहिणाऱ्याला त्याचं काही नाही. २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत तावातावाने बोलले, तेव्हा कुठे रॉयल्टीचा हक्क लिहून घेऊन काढून नेता येणार नाही असं ठरलं. तेव्हा आजार खरा आहे. माझं म्हणणं आहे ते औषधाबद्दल.

औषध कळायला आधी पुराण ऐकावं लागतं. ते भाचा जेवणाच्या टेबलावर सांगतो, आणि ऐकून होईपर्यंत पोळ्या गार होतात. १९९९ साली अमेरिकेत शॉन फॅनिंग नावाच्या कॉलेजातल्या पोराने नॅप्स्टर काढलं. गाणी ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर, पण कोणाकडे कुठलं गाणं आहे याची यादी मात्र नॅप्स्टरच्या सर्व्हरवर. रेकॉर्ड कंपन्यांनी वर्ष संपायच्या आत खटला भरला. पुढच्या वर्षी मेटालिका हा बँड कोर्टात गेला आणि त्यांचा ड्रमर लार्स उलरिक तीन लाखांहून जास्त नावांची छापील यादी खोकी भरभरून नॅप्स्टरच्या कचेरीत घेऊन आला. जुलै २००१ मध्ये दुकान बंद.

"यातून काय शिकलास, मामा?" भाचा विचारतो.

परक्याचा माल परस्पर वाटू नये, असं मी म्हणणार असतो. पण अपेक्षित उत्तर वेगळं आहे: यादी एका ठिकाणी ठेवू नये.

त्यानंतरच्या पोरांनी यादीही वाटून टाकली. मार्च २००० मध्ये नुटेला आलं (नाव पावाला लावायच्या चॉकलेटवरून सुचलेलं दिसतं). ते बनवणारी नलसॉफ्ट कंपनी तेव्हा एओएलच्या मालकीची होती. एओएलने ते ताबडतोब काढून टाकायला लावलं, पण तोवर पाखरं उडाली होती. २००१ मध्ये बिटटॉरंट आलं. गाणी कोणालाही अडवता येईनात. फक्त गाणाऱ्याला पैसे द्यायचे राहून गेले. तेवढा एक बारीकसा तपशील आपण भरून काढणार, असा भाच्याचा संकल्प आहे. मजा म्हणजे खुद्द स्पॉटिफायसुद्धा २०१४ पर्यंत गाण्यांचा बराच माल ऐकणाऱ्यांच्याच कॉम्प्युटरवरून एकमेकांना पुरवत होतं. ज्या राक्षसाला मारायचं तो लहानपणी याच आळीत गोट्या खेळत होता.

भाऊजी हे सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "आमच्या वेळी हे काम एक दुकानदार करायचा."

भाऊजी निवृत्त आहेत. त्यांनी सोसायटीचं सेक्रेटरीपद इतकी वर्षं सांभाळलं आहे की अजूनही घरात कोणी काही मुद्दा काढला की ते "विषय पत्रिकेवर आहे का?" असं विचारतात. ऐंशीच्या दशकात त्यांची कॅसेटची नोकरी होती. म्हणजे पगार बँकेत मिळायचा, पण जीव कॅसेटमध्ये. वहीत गाण्यांची यादी करायची, कोरी कॅसेट घेऊन दुकानात द्यायची, चार दिवसांनी भरलेली आणायची. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. प्रत्येक गाणं किती मिनिटांचं ते भाऊजींना पाठ असे आणि बाजू संपताना गाणं मधेच तुटू नये म्हणून ते बेरजा करत बसत. मनासारखी भरली की मागची प्लॅस्टिकची खिटी मोडायची, म्हणजे त्यावर चुकून दुसरं काही टेप होत नसे.

"तो दुकानदार मधला माणूसच होता," भाऊजी म्हणतात. "पण तो यादी बघून सांगायचा, साहेब, हे गाणं नका घेऊ, यात नुसतं म्युझिक आहे. त्यापेक्षा हे घ्या. तुझं ब्लॉकचेन हे सांगणार का?"

"अल्गोरिदम सांगेल."

"उधारीवर?"

ब्लॉकचेन म्हणजे नेमकं काय, हे भाच्याने मला आकृत्या काढून समजावलं. मला कळलं नाही, म्हणून शेवटी माझं मीच मराठीत बसवलं. समजा, गावचा सगळा सातबारा प्रत्येकाच्या घरी आहे. तलाठ्याच्या दप्तरात एकच प्रत, असा प्रकार नाही. फेरफार झाला की तो सगळ्यांनी आपापल्या प्रतीत एकाच वेळी चढवायचा, आणि प्रत्येक नवं पान मागच्या पानाला असं शिवायचं की मागे कुठे खाडाखोड केली तर पुढची सगळी शिवण उसवेल. एकट्याने लबाडी करायची सोय नाही. त्यासाठी अर्ध्याहून जास्त गाव फितवावं लागेल. तलाठी रजेवर गेला म्हणून काम अडत नाही, कारण तलाठीच नाही. गाण्याचा असा सातबारा करायचा, त्यात गायक, कवी, संगीतकार, तबलजी यांचे हिस्से लिहायचे आणि पैसा आला की वाटणी आपोआप. या आपोआप वाटणीच्या मजकुराला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात.

भाचा खूश झाला. "आणि मामा, तलाठी नाही म्हणजे चहापाणीही नाही!"

चहापाणी आहे. त्याला गॅस म्हणतात. इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनच्या दप्तरात प्रत्येक नोंदीला गॅस द्यावा लागतो, आणि त्याचा दर फलकावर लावलेला नसतो, तो खिडकीवरच्या गर्दीप्रमाणे ठरतो. २०१७ च्या अखेरीस क्रिप्टोकिटीज नावाचा खेळ निघाला. लोक मांजरांची चित्रं विकत घेऊ लागले, त्या मांजरांची पिलं काढू लागले आणि इतकी गर्दी झाली की बाकीच्यांच्या नोंदी तासन्तास तुंबल्या. जगाची अर्थव्यवस्था बदलायला निघालेलं यंत्र मांजरं आडवी गेल्यामुळे अडलं.

मग भाऊजींनी सरळ प्रश्न विचारला. गाणं नक्की ठेवणार कुठे? या सातबाऱ्यातच?

आम्ही कागद घेऊन बसलो. चार मिनिटांचं साध्या प्रतीचं एमपी३ गाणं म्हणजे सुमारे ३८ लाख ४० हजार बाइट. इथेरियमच्या खात्यात ३२-३२ बाइटांचे कप्पे असतात, म्हणजे कप्पे झाले १ लाख २० हजार. नवा कप्पा भरायला निदान २०,००० गॅस. एकूण २४० कोटी गॅस. गॅसचा दर २० ग्वेई धरला (ग्वेई म्हणजे इथेरियमच्या नाण्याचा, इथरचा, अब्जावा भाग), तर ४८ इथर. इथरचा भाव दोन हजार डॉलर धरला तर ९६ हजार डॉलर, म्हणजे ऐंशी लाख रुपयांच्या घरात. एका गाण्याचे. भाऊजींनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "एवढ्यात गायिकेला घरी बोलवू आपण. साथीदारांसकट."

म्हणून गाणं सातबाऱ्यात ठेवत नाहीत. तिथे नुसता ठसा ठेवतात. तो ठसा म्हणजे चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक माळ. गाणं मात्र आयपीएफएस नावाच्या जाळ्यात, कोणाकोणाच्या कॉम्प्युटरवर. ठशावरून ते शोधायचं. कल्पना सुंदर आहे. अडचण एवढीच की जगात निदान एका माणसाने ते गाणं आपल्या कॉम्प्युटरवर जपून ठेवलं पाहिजे आणि कॉम्प्युटर चालू ठेवला पाहिजे. याला पिन करणं म्हणतात. कोणीच पिन केलं नाही, तर सातबारा अजरामर राहतो आणि जमीन गायब होते. भाच्याच्या अ‍ॅपवरची सगळी गाणी सुरुवातीला त्याच्या खोलीतल्या एका जुन्या लॅपटॉपवर पिन होती. त्या लॅपटॉपचा चार्जर ताई झाडू मारताना काढायची. त्या वेळात जगातलं सगळं विकेंद्रित संगीत थांबायचं.

आता गाण्यांकडे वळू. अ‍ॅप बांधणारे बहुतेक जण गाण्यांकडे शेवटी वळतात, तसा भाचाही वळला. तर अडचण अशी की अ‍ॅपला मालक नसला तरी गाण्यांना असतो. भाऊजींनी पहिल्याच रविवारी उत्साहाने आपला कॅसेटसंग्रह चढवायला घेतला. सगळी हिंदी चित्रपटगीतं, सगळी दुसऱ्याच्या मालकीची. सातबारा काही हरकत घेत नाही. तो फक्त 'अमुक माणूस असं म्हणाला' एवढं अजरामर करून ठेवतो; तो खरं बोलला का, हे पाहणं त्याच्या कामात बसत नाही. तलाठी निदान बांधावर येऊन बघतो तरी. भाच्याला घाम फुटला. चढवलेलं काढायचं कसं? ठसा तर कायमचा. शेवटी चार्जर काढला, यादीत दिसणार नाही अशी तजवीज केली आणि कायद्याने बिनघोर चालतील अशी गाणी शोधायला दोघं बसले.

आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं. शब्दांचा आणि चालीचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. या दोन्ही चाळण्यांतून खाली पडेल असं भाऊजींच्या कपाटात काय निघालं? 'संगीत स्वयंवर'. नाटक १९१६चं. पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ सालीच गेले. गाणारे बालगंधर्व, आणि तबकड्या सगळ्या जुन्या. अशा रीतीने एकविसाव्या शतकातल्या सगळ्यात आधुनिक संगीत-अ‍ॅपवर, पूर्ण कायदेशीरपणे, एकच नाटक लागलं आहे.

त्या तबकड्या भाऊजींनी स्वतः मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या. ग्रामोफोन दिवाणखान्यात, मोबाइल स्टुलावर, वेळ सकाळी साडेदहाची. त्यामुळे एका पदात ऐन समेच्या जागी कुकरची शिट्टी आहे. पुन्हा घेतलं तर तिथे कुत्रं भुंकलं. भाचा म्हणाला, हरकत नाही. पण ठशाला हरकत आहे. त्याच्या लेखी एका बिटाचा फरक म्हणजे वेगळी वस्तू. कुकरवालं पद आणि कुत्र्यावालं पद यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही; त्याला ती दोन वेगळी गाणी वाटतात. गाणं ओळखणं हे कानाचं काम आणि ठसा बहिरा. शिवाय कलाकाराच्या रकान्यात भाऊजींनी एकदा 'बालगंधर्व' लिहिलं, एकदा 'बाल गंधर्व' आणि एकदा आदराने 'नारायणराव राजहंस'. अ‍ॅपने तीन वेगवेगळे गायक नोंदवले. १९०२ साली कोलकात्याला गौहर जान गायली तेव्हा तिने गाणं संपता संपता आपलं नाव ठणकावून सांगितलं होतं, कारण तबकड्या छापायला जर्मनीत जायच्या होत्या आणि तिथल्या कारागिरांना कागद कोणत्या तबकडीवर चिकटवायचा ते कळायला हवं होतं. सव्वाशे वर्षं होत आली, यापेक्षा भरवशाची व्यवस्था अजून मला दिसलेली नाही.

आणि पैसे? ऐकणाऱ्याने दिलेलं नाणं गाणं चढवणाऱ्याच्या डिजिटल पाकिटात पडतं. बालगंधर्वांचं पाकीट नाही, म्हणून ते भाऊजींच्या पाकिटात पडू लागलं. ताईने हिशेब ऐकला.

"गायले ते. लिहिलं खाडिलकरांनी. चाल बखल्यांची. आणि पैसे ह्यांना? कसले?"

"ध्वनिमुद्रणाचे," भाऊजी म्हणाले.

"कुकर मी लावला होता."

यावर स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये दुरुस्ती करून ताईचा दहा टक्के हिस्सा लिहिण्यात आला. आमच्या माहितीत शिट्टीची रॉयल्टी मिळवणारी ती पहिलीच गृहिणी.

रॉयल्टीचा आकडा विचारू नका. हा प्रयोग खऱ्या कलाकारांनीही करून पाहिला आहे. इमोजेन हीप ही ब्रिटिश गायिका यात फार मनापासून उतरली. तिने ऑक्टोबर २०१५ मध्ये 'टाइनी ह्यूमन' हे गाणं इथेरियमवर विकायला ठेवलं. पैसे येताच साथीदारांत आपोआप वाटणी. जगभर गाजावाजा झाला. गाण्याने मिळवले १३३ डॉलर २० सेंट. तेव्हाच्या भावाने साडेआठ हजार रुपयांच्या आसपास. गाणं वाईट होतं असं नाही. पण साठ सेंटचं गाणं घ्यायला माणसाने आधी पाकीट उघडायचं, मग इथर विकत घ्यायचं, मग ते इकडून तिकडे वळवायचं. एवढं होईपर्यंत गाणं ऐकायची हौस फिटते.

पाकिटावरून आठवलं. या पाकिटाला बँकेसारखं 'पासवर्ड विसरलात?' हे बटण नसतं. बारा इंग्रजी शब्द मिळतात, २०४८ शब्दांच्या एका ठरीव यादीतून निवडलेले. ते बारा शब्द म्हणजे तिजोरीची किल्ली. कागदावर लिहून जपायचे, कोणाला दाखवायचे नाहीत. ताईने ते लिहून फ्रिजवर चुंबकाने लावले. त्यात मँगो होतं, राइस होतं, ओनियन होतं, अंब्रेला होतं. भाऊजी कागद काढून वाण्याकडे गेले, तांदूळ आणि कांदे घेऊन आले, आंब्याचा मोसम नाही म्हणाले आणि विचारलं, "पण झेब्रा कशाला?" कागद वाण्याकडेच राहिला. ताईचं पाकीट कायमचं बंद झालं आणि त्यात तिची शिट्टीची रॉयल्टी अडकली.

आता मधल्या माणसाकडे येऊ, कारण मूळ भांडण त्याच्याशी होतं. मी एका संध्याकाळी भाच्याला सहज विचारलं, सध्या तू पैसे कोणाकोणाला देतोस? तो बोटं मोजू लागला. गाणी पिन करून ठेवणारी एक कंपनी, कारण लॅपटॉपवर भरवसा नाही. ब्लॉकचेनशी बोलणारी एक कंपनी, कारण स्वतःचा नोड, म्हणजे दप्तराची घरची प्रत, चालवणं परवडत नाही. (या धंद्यातली मोठी कंपनी इन्फ्युरा नोव्हेंबर २०२० मध्ये काही तास बंद पडली, तर अर्ध्या जगाची विकेंद्रित पाकिटं आंधळी झाली होती.) पाकीट बनवणारी कंपनी. रुपयांचं नाणं करून देणारं एक्स्चेंज, जे पॅन कार्ड मागतं, आधार मागतं आणि चेहरा डावी-उजवीकडे वळवून दाखवायला लावतं. कोड तपासणारा ऑडिटर. अ‍ॅप दुकानात मांडू देणाऱ्या दोन अमेरिकन कंपन्या, ज्या आतल्या विक्रीवर पंधरा ते तीस टक्के कापतात. शेवटी आपलं सरकार: एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. पूर्वी मधला माणूस एक होता आणि त्याच्या दुकानात जाऊन भांडता येत असे. आताच्या मधल्या माणसांना फक्त ईमेल पाठवता येते, आणि तिला उत्तर यंत्र देतं.

पण खरी बहार आली ती मतदानात. मालक नाही म्हटल्यावर निर्णय घेणार कोण? सगळ्यांनी मिळून, नाण्यांच्या मतांनी. भाच्याने घरच्या सगळ्यांना नाणी वाटली, मलाही दिली. भाऊजींनी लगेच विचारलं, "कोरम किती?" कोरम नव्हता. "सभासदाला मत एक की कसं?" महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकार कायद्यात माणूस कितीही मोठा असो, त्याचे भाग कितीही असोत, मत एकच. भाच्याने सांगितलं, इथे नाण्याला एक मत. ज्याची नाणी जास्त त्याची मतं जास्त. भाऊजींच्या चेहऱ्यावर सेक्रेटरीपदाच्या काळातलं तेज परतलं. गाणी चढवल्याबद्दल नाणी मिळतात आणि गाणी चढवणारे एकटे तेच. त्यांच्याकडे अर्ध्याच्या वर नाणी होती. त्यांनी रीतसर प्रस्ताव मांडला: या अ‍ॅपवर रॅप, रिमिक्स आणि डीजे चालणार नाही. मतदान झालं. ठराव मंजूर. ज्या वऱ्हाडी मित्रासाठी हा सगळा खटाटोप, त्याचंच गाणं कोडने बाहेर ठेवलं. भाचा म्हणाला, हे अन्यायाचं आहे. भाऊजी म्हणाले, इतिवृत्तात नोंद झाली आहे.

हे घरातच घडलं म्हणून हसून सोडायचं नाही. ऑडियस नावाचं याच जातीचं अ‍ॅप अमेरिकेत आहे, भाच्याचा आदर्श. २०२० साली ते आपल्या नाण्यासह पूर्ण स्वरूपात सुरू झालं आणि नावाजलेले कलाकार त्यावर आले. जुलै २०२२ मध्ये एका अज्ञात इसमाने त्याच्या कोडमधलं भोक शोधलं, आपल्या नावावर वारेमाप मतं दाखवली आणि ठराव मांडला की समाजाच्या तिजोरीतली एक कोटी ऐंशी लाखांहून जास्त नाणी मला देण्यात यावीत. ठराव अर्थातच बहुमताने मंजूर. नाण्यांची किंमत साठ लाख डॉलर. ती त्याने घाईघाईने बाजारात ओतली, भाव कोसळला आणि हाती लागले अकरा लाखांच्या आसपास. कोडचं ऑडिट आधी झालेलं होतं. भाऊजींनी हे वर्तमान फार आवडीने ऐकलं. त्यांना चोरीपेक्षा ठराव मांडण्याची शिस्त भावली.

"आणि अशी चोरी झाली की पान फाडता येत नाही ना?" मी विचारलं.

येतं. २०१६ साली 'द डीएओ' नावाच्या सामुदायिक तिजोरीतून ३६ लाख इथर चोराने वळते केले. कोड हाच कायदा, असं तोवर सगळे म्हणत होते. महिनाभर वादावादी झाली आणि जुलैत बहुतेकांनी मिळून वहीच बदलली; चोरी झालीच नाही असं धरून पुढे लिहायला घेतलं. ज्यांना हे पटलं नाही ते जुन्याच वहीत लिहीत राहिले. ती वही इथेरियम क्लासिक नावाने आजही चालू आहे. भाऊजी म्हणाले, "खिटी मोडलेल्या कॅसेटवर सेलोटेप लावली की परत टेप करता येतं. आम्हाला १९८५ सालीच माहीत होतं."

भाच्याचं राज्य त्याला परत मिळालं ते मात्र मतांनी नव्हे. अ‍ॅप तो खऱ्या दप्तरात चालवत नव्हता, सरावाच्या दप्तरात चालवत होता. अशा सरावाच्या जाळ्यांना बहुतेक वेळा मेट्रोच्या स्टेशनांची नावं देतात: रॉप्स्टन आणि रिंकेबी स्टॉकहोमची, कोवान सिंगापूरचं, सेपोलिया अथेन्सचं. आपल्या भारतीय मंडळींनी काढलेल्या पॉलिगॉन या ब्लॉकचेनने मात्र आख्खं शहरच घेतलं आणि सरावाच्या जाळ्याला 'मुंबई' नाव दिलं. तिथे नाणी फुकट मिळत, नुसती मागितली की. फुकट मिळणारी ती जगातली एकमेव मुंबई असावी. एप्रिल २०२४ मध्ये ती बंद केली. भाऊजींचं बहुमत, माझी नाणी, ताईची रॉयल्टी, सगळं तिच्याबरोबर गेलं. भाच्याने नव्या जाळ्यावर बिऱ्हाड हलवलं आणि या खेपेला भाऊजींना नाणी मोजून दिली.

गणपतीत आमच्या सोसायटीत भजनी मंडळ आलं होतं. पेटीवाल्याने पेटीच्या पुढच्या फळीवर यूपीआयचा क्यूआर कोड चिकटवलेला. भाच्याला एक गौळण आवडली, त्याने मोबाइल धरला, पन्नास रुपये पाठवले. दुसऱ्याच क्षणाला मृदंगाशेजारचा डबा बोलला की पैसे पोचले. गॅस नाही, बारा शब्द नाहीत, झेब्रा नाही. भाचा पेटीवाल्याशी बोलायला गेला. त्याने सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाला, "पण काका, तुमचं हे सेंट्रलाइज्ड आहे."

"हो," पेटीवाला म्हणाला. "सेंट्रल बँकेतच खातं आहे."

अ‍ॅपचं काम चालू आहे. रॅपवरची बंदी उठली असून वऱ्हाडी मित्राचं गाणं चढलं आहे आणि त्याच्या आईने ऐकलंही आहे. भाऊजींनी मात्र नाटक सोडलेलं नाही. स्वयंवर संपत आलं, आता त्यांना पुढचं हवं आहे. तेव्हा वाचकांपैकी कोणाकडे साठ वर्षांपूर्वी निघालेल्या नाट्यपदांच्या तबकड्या असतील, आणि लिहिणारे-चाल लावणारे जाऊनही साठ वर्षं झाली असतील, तर त्या जरूर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. गायकाचं नाव सुरुवातीलाच मोठ्याने सांगा आणि कुकर आधी उतरवून घ्या.